दोन खोल्या, एक ओटा: खान्देशच्या काळ्या मातीत कमी पैशात आपलं घर कसं उभं करावं

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी वडिलोपार्जित धाब्याचं घर होतं. दीड हात जाड मातीच्या भिंती, वर सागाच्या तुळ्या आणि कड्या, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. मे महिन्यात बाहेर 44 अंशाची लाही होत असताना आत सतरंजीवर निवांत झोप लागायची. पण दर दोन-तीन पावसाळ्यांनी धाबं गळायचं, वर नवी माती टाकावी लागायची, आणि शेवटी वाळवीनं एक तुळई पोखरली. तेव्हा ते उतरवून त्याच जागेवर 24 बाय 20 फुटांचं साधं घर आम्ही बांधलं. मिस्त्री रोजाचा, सामान आमचं, देखरेख आमची आणि अंगमेहनतही बरीचशी आमचीच. दिवाळीनंतर आखणी केली आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरभरणी झाली. त्या सहा महिन्यांत जे शिकलो ते इथे क्रमानं लिहितो. गावाकडे अजून शेकडो घरं उतरायची आहेत, आणि प्रत्येकाकडे ठेकेदाराला द्यायला पैसा नाही.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. घराच्या खर्चात साधारण दोन तृतीयांश सामानाचे आणि एक तृतीयांश मजुरीचे असतात. बचत करायची म्हणून लोक सिमेंटची गोणी आणि लोखंड कमी करतात, आणि नेमकं तिथेच घर मोडतं. खरी बचत घराचा आकार ठरवताना होते, सामान स्वतः मोजून घेताना होते आणि ज्या कामाला कसब लागत नाही ते हातानं करताना होते.

कागदावरचं काम

480 चौरस फूट जागा 24 बाय 20 अशी घेतली तर बाहेरच्या भिंतीची लांबी 88 फूट येते. तीच जागा 40 बाय 12 घेतली तर 104 फूट. म्हणजे खोली तेवढीच आणि भिंत 16 फूट जास्त. 10 फूट उंच, 9 इंच जाड भिंत धरली तर 16 फुटांत 120 घनफूट बांधकाम वाढतं. घनफुटाला 9×4×3 इंचाच्या साधारण 12 विटा लागतात. जवळपास दीड हजार विटा, त्यांचं सिमेंट-वाळू, त्यांखालचा पाया आणि वरचा गिलावा, हे सगळं नुसत्या आकारामुळे अंगावर येतं. जुन्या गावठाणात जागा अरुंद आणि लांबट असते, तिथे इलाज नाही. पण जिथे निवड करता येते तिथे चौरसाकडे झुकणारा आकार घ्या.

उंचीचंही तसंच. आमच्या घरात 9 इंची भिंतींची एकूण लांबी, मधली भिंत धरून, साधारण 103 फूट होती. एक फूट उंची वाढवली की नऊशेच्या वर विटा जास्त. उन्हाळ्याच्या भीतीनं लोक 11-12 फूट उंची घेतात. 10 फूट पुरते. घर थंड ठेवायला उंचीपेक्षा छताचा रंग, पश्चिमेची भिंत आणि वाऱ्याची वाट या तीन गोष्टी जास्त उपयोगी पडतात.

आपल्याकडे घराच्या लांब बाजू उत्तर-दक्षिण दिशांना तोंड करून असाव्यात आणि पश्चिमेला खिडकी शक्य तितकी लहान असावी. दुपारी तीननंतरचं तिरपं ऊन पश्चिमेच्या भिंतीत शिरतं आणि रात्री अकराला खोलीत उतरतं. पश्चिमेला संडास, न्हाणी, जिना किंवा सामानाची खोली टाका, म्हणजे ऊन त्यांच्या अंगावर जाईल. संडास, न्हाणी आणि स्वयंपाकघर एकाच बाजूला एकमेकांना लागून घेतलं तर पाईप निम्म्यावर येतो आणि पुढे गळतीही एकाच भिंतीत शोधावी लागते.

नकाशा तुम्ही वहीवर काढा, पण पाया आणि स्लॅब यांचं डिझाइन मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्या. सळई किती जाडीची, किती अंतरावर आणि कुठे वाकवायची, हे तो लिहून देतो. ही फी द्यायला मन कचरतं, मलाही कचरलं होतं. पण माझ्या घरात मिस्त्रीनं तोंडी सांगितलेलं लोखंड इंजिनिअरच्या यादीपेक्षा जास्त निघालं, आणि जिथे खरोखर जास्त हवं होतं त्या छज्जाच्या वरच्या बाजूला ते नव्हतंच.

जागेची कागदपत्रं, म्हणजे गावठाणात ग्रामपंचायतीचा नमुना 8 आणि बाहेर सातबारा, नावावर करून घ्या. बिनशेतीचा प्रश्न असेल तर तो सोडवा आणि बांधकामाची परवानगी ग्रामपंचायतीतून लेखी घ्या. घरकुल मंजूर असेल तर आणखी सोपं. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) सपाट भागात 1,20,000 रुपये देते आणि घर किमान 25 चौरस मीटर, म्हणजे साधारण 269 चौरस फूट असावं लागतं. पैसे टप्प्यांनी येतात. जोता झाला की फोटो, छत झालं की फोटो. म्हणून हप्ता येईपर्यंत काम कुठे थांबवता येईल हे आधी ठरवा. स्लॅबच्या सळ्या बांधून महिनाभर पावसात उघड्या ठेवण्यापेक्षा जोत्यावर थांबणं बरं. आदिवासी कुटुंबांसाठी शबरी आणि अनुसूचित जातींसाठी रमाई आवास योजना आहे. घरकुलाच्या लाभार्थ्याला 5 ब्रासपर्यंत (ब्रास म्हणजे 100 घनफूट) वाळू विनामूल्य देण्याचं राज्याचं धोरण आहे. तहसील कार्यालयात लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.

काम कधी काढायचं

दसऱ्यापासून डिसेंबरपर्यंत कापूस वेचणी चालते. तेव्हा बिगारी मिळत नाही, मिळाला तर रोज वाढलेला असतो. होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात आणि सातपुड्यातले मजूर आपापल्या पाड्यावर जातात, ते धुळवडीनंतरच परततात. त्यांचा वर्षाचा सण आहे, त्यांना थांबवू नये. आपणच त्या आठवड्यात स्लॅब धरू नये. एप्रिल-मेमध्ये काँक्रीट टाकलं तर ते सुकून भेगा पडतात आणि विहिरीलाही पाणी नसतं. हिशोब केला तर पाया नोव्हेंबरात, भिंती डिसेंबर-जानेवारीत, स्लॅब फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आणि गिलावा-फरशी मार्चमध्ये बसते. पायाचं काम आम्ही घरच्यांनी आणि सावडीनं आलेल्या दोन शेजाऱ्यांनी केलं, म्हणून वेचणी आडवी आली नाही.

काळी माती आणि पाया

तापी, गिरणा, पांझरा, बोरी या नद्यांच्या काठची जमीन कापसाला सोन्यासारखी आणि घराला तितकीच अवघड. आमचा मिस्त्री नाना एका वाक्यात सांगायचा: "काई माती पानी पिस नि फुगस." म्हणजे काळी माती पाणी पिते आणि फुगते. पावसाळ्यात ती फुगून पाया वर ढकलते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि पाया खाली सोडते. दरवर्षीच्या या वर-खालीनं भिंती तिरप्या फाटतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग दिसली की ओळखा, खाली काळी माती आहे.

म्हणून पहिलं काम म्हणजे जागेच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांवर माणूस उतरेल असे खड्डे खणून बघणं. चार-पाच फुटांवर पिवळसर कडक मुरूम लागला तर नशीब चांगलं. काळी माती पूर्ण काढून पाया त्या मुरमावर बसवा. एका कोपऱ्यात मुरूम तीन फुटांवर आणि दुसऱ्यात सहा फुटांवर असं असेल तर प्रत्येक ठिकाणी मुरमापर्यंत जाच. अर्धा पाया मुरमावर आणि अर्धा मातीवर ठेवणं हे सगळ्यात वाईट. आठ-दहा फुटांपर्यंत मुरूमच नसेल तर दगडी पायाचा हट्ट सोडा आणि इंजिनिअरला अंडर-रीम्ड पाईलबद्दल विचारा. हे खाली बुंध्याशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब असतात. साधारण साडेतीन मीटर खोल जाऊन ते माती जिथे हंगामानुसार हलत नाही तिथे बसतात, आणि वरच्या बीमखाली माती फुगायला मोकळी जागा ठेवतात. हा खर्च जास्त वाटतो, पण फाटलेलं घर सांधायला त्याहून जास्त लागतो.

आमच्याकडे साडेचार फुटांवर मुरूम होता. आखणी अशी केली: चार खुंट्या, सुतळी, फक्की. काटकोन बघायला एका कोपऱ्यापासून एका बाजूला 6 फूट, दुसऱ्या बाजूला 8 फूट मोजा, त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर 10 फूट आलं पाहिजे. मग दोन्ही कर्ण मोजा. 24 बाय 20 ला दोन्ही 31 फूट 3 इंचांच्या आसपास आणि एकमेकांशी तंतोतंत सारखे यायला हवेत. आमचे पहिल्यांदा दोन इंचांनी चुकले होते. तेव्हा दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली, फरशी बसवताना तीच चूक दिसली असती तर भिंतीशी पाचर राहिली असती.

अडीच फूट रुंद चारी खणली, तळ धुमसानं ठोकला, पाणी मारलं, 6 इंचाचं पीसीसी, म्हणजे बिनसळईचं काँक्रीट, टाकलं आणि त्यावर डबराचं बांधकाम दोन पायऱ्यांत निमुळतं करत वर आणलं. डबर म्हणजे आपला काळा दगड, खान्देशात तो जवळ मिळतो. जुन्या घराच्या जोत्याचे घडीव दगड आम्ही कोपऱ्यांना वापरले आणि एक ट्रॉली डबर वाचला. धाब्याची पांढरी माती मात्र जोत्यात भरू नका. ती शेतात टाका, पीक चांगलं येतं.

डबराच्या कामात फसवणूक अशी होते की दर्शनी दोन बाजूंना दगड लावतात आणि मध्ये चिपा-माती कोंबतात. रोज संध्याकाळी पहार घेऊन मधल्या भागात खुपसून बघा. आणि दर चार फुटांवर भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब दगड बसवायला सांगा.

जोत्याच्या माथ्यावर सगळ्या भिंतींवरून सलग जाणारा आरसीसी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटचा, पट्टा टाका. दुसरा पट्टा लिंटलच्या, म्हणजे दारा-खिडक्यांच्या माथ्याच्या, उंचीवर, तोही घरभर सलग, आणि वर स्लॅब. जमिनीच्या हालचालीसाठी तर हे लागतंच, पण भूकंपासाठीही लागतं. सातपुड्यात 1938 साली मोठा भूकंप झाला होता, आपण त्याच डोंगराच्या पायथ्याशी आहोत.

चारीची उरलेली जागा खणलेल्या काळ्या मातीनं भरायचा मोह होतो, ती तिथेच पडलेली असते. भरू नका. मुरूम भरा. जोत्याच्या आतही मुरूमच, 6-6 इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुमस. आमच्या दोन फुटांच्या जोत्याला सुमारे साडेसात ब्रास मुरूम लागला. ट्रॉलीतला सैल मुरूम ठोकल्यावर जवळपास पाचवा हिस्सा बसतो, तो हिशोबात धरा. हे काम पूर्णपणे घरच्या माणसांनी करण्यासारखं आहे. आम्ही तिघांनी आठ दिवसांत केलं, आणि सगळ्यात जास्त मजुरी इथेच वाचली.

सामान मोजून घेणं

एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. ट्रॉली आली की टेप लावा: लांबी गुणिले रुंदी गुणिले मालाची उंची, सगळं फुटांत, भागिले 100. 10 बाय 6 च्या ट्रॉलीत माल 1 फूट 8 इंच भरला असेल तर बरोबर ब्रास होतो. ढीग मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, म्हणून फावड्यानं सपाट करूनच मोजा. ओली वाळू फुगते, थोड्याशा ओलीनंही तिचं आकारमान पाव हिश्शानं वाढू शकतं. दोन ब्रासाचे पैसे देऊन साधारण 1.6 ब्रासच हाती लागतो. शक्यतो कोरडी घ्या आणि वाहतुकीचा पास असलेलीच घ्या, नाहीतर गाडी पकडली जाते आणि काम अडकतं ते आपलं.

वाळूतली माती तपासायला पारदर्शक बाटली घ्या. निम्मी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ. जोरानं हलवा आणि तीन तास ठेवा. वाळूवर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या शंभरात आठपेक्षा जास्त असेल तर ती वाळू परत पाठवा किंवा धुऊन घ्या. काँक्रीटला आता क्रशरची धुतलेली वाळूही चांगली मिळते, आपल्याच काळ्या दगडाची असते.

सिमेंटच्या गोणीवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनी घेऊ नका. एकदम शंभर गोण्या स्वस्त पडतात म्हणून आणून ठेवू नका, लागतील तशा आणा. जमिनीपासून अर्धा फूट उंच फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर दूर, एकावर एक दहापेक्षा जास्त नको.

लोखंड वजनावर घेतलं तरी नग मोजा. सळईच्या व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग भागिले 162, हे एका मीटरचं किलोतलं वजन. 12 मीटरची 8 एमएम सळई साधारण 4.7 किलो, 10 एमएम 7.4 आणि 12 एमएम 10.7 किलो भरते. काट्यावरचं वजन आणि नगांचा हिशोब यांत मोठा फरक आला तर तिथेच विचारा. फरक नेहमी लबाडीचाच असतो असं नाही, कधी काटा चुकतो, पण विचारल्याशिवाय कळत नाही.

विटांबद्दल जरा थांबून सांगतो, कारण भिंतीचा बहुतेक खर्च इथे आहे. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रातून निघणाऱ्या राखेमुळे आपल्या भागात राखेच्या विटा सहज मिळतात. मापाला सारख्या असतात, त्यामुळे मसाला (सिमेंट-वाळूचं मिश्रण) कमी लागतो आणि गिलावा पातळ होतो. मातीच्या भट्टीच्या विटा घेत असाल तर दोन एकमेकींवर आपटा, खणखणीत आवाज हवा. नखानं ओरखडा उमटू नये, कमरेएवढ्या उंचीवरून टाकली तर तुटू नये. दोन्ही प्रकारांना लागू पडणारी परीक्षा म्हणजे कोरडी वीट वजन करा, 24 तास पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. तीन किलोच्या विटेनं 600 ग्रॅमपेक्षा जास्त पाणी प्यायलं तर ती नको.

भिंती: एक चतुर्थांश विटा वाचवणारी बांधणी

आमच्या घराला साध्या बांधणीनं दारं-खिडक्या वजा जाता सुमारे 670 घनफूट बांधकाम, म्हणजे सव्वाआठ हजार विटा लागल्या असत्या. आम्ही रॅट-ट्रॅप बाँड वापरला. केरळमध्ये लॉरी बेकर यांनी ही पद्धत गरिबांच्या घरांसाठी लोकप्रिय केली. वीट आडवी न ठेवता तिच्या कडेवर उभी ठेवायची. भिंतीच्या दोन्ही अंगांना एकेक उभी वीट, मध्ये तीन इंच पोकळी, मग दोन्ही अंगांना सांधणारी एक आडवी उभी वीट. भिंत 9 इंचांचीच राहते, पण विटा साधारण पाव हिश्शानं आणि मसाला त्याहून जास्त प्रमाणात कमी लागतो. दोन हजार विटा वाचल्या. आणि मधली पोकळ हवा ऊन अडवते. खान्देशात मला याचं मोल पैशाच्या बचतीपेक्षाही जास्त वाटतं.

काळजी मात्र घ्यावी लागते. जोत्यावरचा पहिला थर, खिडकीच्या तळाचा आणि लिंटलखालचा थर, स्लॅबखालचा थर आणि दारा-खिडक्यांच्या कडा भरीव बांधायच्या. कोपऱ्यातल्या पोकळीत एक उभी सळई टाकून काँक्रीट भरायचं. पोकळीत मसाला पडू देऊ नये. विजेचे पाईप कुठून जाणार हे आधी ठरवावं, कारण नंतर छिन्नीनं भिंत कोरली तर ती कमकुवत होते. गवंड्याला ही पद्धत माहीत नसेल तर पहिल्या दिवशी मसाला न लावता अंगणात पाच फूट भिंत कोरडी रचून बघा. आमच्या नानानं आधी मान हलवली होती. कोरडी रचल्यावर अर्ध्या तासात त्याच्या हाताला वळण लागलं, आणि नंतर तो दुसऱ्यांना समजावून सांगू लागला.

मसाला 9 इंची भिंतीला 1:6, म्हणजे एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू, साडेचार इंची भिंतीला 1:4. घमेल्यानं नाही, मापाच्या खोक्यानं मोजा. एका गोणीचं सिमेंट सव्वा घनफूट भरतं, तेवढ्याच मापाचं लाकडी खोकं करून घ्या. पाणी घातलेला मसाला दोन तासांत संपवा, जेवणानंतर वाळलेल्या मसाल्यात पुन्हा पाणी घालून वापरू देऊ नका. भट्टीच्या विटा बुडबुडे थांबेपर्यंत भिजवा, राखेच्या नुसत्या ओल्या करा. एका दिवसात चार फुटांपेक्षा उंच भिंत नेऊ नका. ओळंबा दर तीन थरांनी लावा आणि समपातळीसाठी पाण्याची नळी वापरा, तिच्यात बुडबुडा नाही ना हे बघून.

दारांसाठी आम्ही जुन्या घराचा साग वापरला. वाळवी लागलेला भाग कापून टाकला, उरलेल्यात दोन चौकटी आणि पुढचं दार निघालं. तुमचं घर उतरवायचं नसेल तर गावात कुणाचं उतरतंय का याची चौकशी ठेवा. जुना मुरलेला साग नव्या लाकडापेक्षा कमी वाकतो.

स्लॅब

हे काम स्वतः करायचं नाही. सेंट्रिंगवाला, म्हणजे फळ्या-टेकू लावणारा, वेगळा, लोखंड बांधणारा वेगळा, मिक्सर आणि व्हायब्रेटर भाड्याचे. आपण करायचं ते तयारीचं आणि लक्ष ठेवण्याचं काम.

आधी ठोकळे. सळई आणि फळी यांत 20 मिलिमीटर अंतर राहण्यासाठी सिमेंटचे छोटे ठोकळे लागतात. बरेच जण खडीचा तुकडा सारतात, तो काँक्रीट पडताना घसरतो आणि सळई खाली उघडी पडते. दहा वर्षांनी स्लॅबचे पोपडे पडतात ते यामुळे. ठोकळे घरीच करा, 1:2 चा मसाला, 20 मिलिमीटर जाडीच्या पट्ट्यांत ओतून, बांधायची तार खुपसून, आठवडाभर पाण्यात ठेवा. मुलांनी एका रविवारी दोनशे केले.

आमचा स्लॅब बाहेरचा छज्जा धरून 27 बाय 23 फूट, 5 इंच जाड होता. म्हणजे सुमारे 260 घनफूट काँक्रीट, एम-20 दर्जाच्या काँक्रीटला सिमेंटच्या 60 च्या आसपास गोण्या, तुळईचं वेगळं. आदल्या संध्याकाळी इंजिनिअरला सळ्या दाखवा. पंख्याचे हूक, विजेचे पाईप आणि पेट्या बसल्या का बघा आणि सगळ्याचे मोबाईलवर फोटो काढा, टेप शेजारी ठेवून. पुढे ड्रिल मारताना ते फोटो लागतात.

काँक्रीट सकाळी सहाला सुरू करा. दिवसभर एकच भांडण करायचं आहे, ते पाण्याचं. मजुरांना पातळ माल ओढायला सोपा जातो, म्हणून ते पाणी वाढवतात. गोणीला 25 ते 27 लिटर, ओल्या वाळूला त्याहून कमी. मिक्सरपाशी घरचा एक माणूस मापाची बादली घेऊन दिवसभर उभा ठेवा. त्या दिवसाचं त्याचं दुसरं काहीही काम नाही. जास्त पाण्याचं काँक्रीट सुकल्यावर आतून सच्छिद्र होतं, मग गळतं, मग लोखंड गंजतं.

मजुरांना रबरी हातमोजे द्या. ओलं सिमेंट कातडी जाळतं. व्हायब्रेटरची वायर कुठे उघडी नाही ना ते सकाळीच बघा.

दुसऱ्या दिवसापासून स्लॅबवर मसाल्याचे छोटे बांध घालून वाफे करा आणि दोन इंच पाणी साठवा. भारतीय मानक कोरड्या गरम हवेत किमान 10 दिवस सांगतं आणि राख मिसळलेल्या सिमेंटला 14 ची शिफारस करतं. आम्ही 18 दिवस ठेवलं. भिंतींना आणि खांबांना ओलं गोणपाट. पाणी मारणं हे सगळ्यात स्वस्त काम आहे आणि तेच लोक टाळतात. सकाळ-संध्याकाळ घरातल्या एकाच्या नावावर लावून द्या. टेकू स्लॅबखालचे 14 दिवस आणि तुळईखालचे 21 दिवस काढू देऊ नका, सेंट्रिंगवाला दुसरीकडे फळ्या हव्यात म्हणून कितीही घाई करो.

उरलेलं

बाहेरचा गिलावा राखेच्या विटांवर नुसते सांधे भरून टाळता येतो. आम्ही पश्चिम आणि दक्षिण बाजूंना गिलावा केला, बाकी दोन उघड्या ठेवल्या. आत एकच हात, वर चुना. फरशी कोब्याची किंवा शहाबादी, दोन्ही उन्हाळ्यात पायाला गार लागतात. रंग स्वतः लावा. वीज मात्र परवानाधारक वायरमनकडून, नीट अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, लावून.

गच्चीवर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचा थर द्या, पाणी खाली नेणाऱ्या पाईपकडे उतार ठेवून. टाइलच्या दुकानात तुकडे बहुधा फुकटात मिळतात. ते जमलं नाही तर दर उन्हाळ्याआधी चुन्यात डिंकासारखं चिकट द्रव्य मिसळून दोन हात मारा. मे महिन्यात खोलीतला फरक हाताला जाणवतो.

संडासासाठी दोन शोषखड्डे करा, एक भरला की दुसऱ्यावर वळवायचं. काळ्या मातीत पाणी जिरत नाही, म्हणून खड्डा मुरमात उतरेल एवढा खोल घ्या आणि भोवती फूट-दीड फूट वाळू भरा. घरापासून किमान 10 फूट आणि विहिरीपासून त्याहून कितीतरी दूर. न्हाणीचं आणि गच्चीचं पाणीही पायाशी मुरू देऊ नका. घराभोवती तीन फूट रुंदीचा फरसबंद पट्टा बाहेरच्या बाजूला उतार देऊन करा. निंब लावायचा असेल तर 20 फूट दूर, कारण त्याची मुळं उन्हाळ्यात पायाखालची ओल ओढतात आणि माती आकसते. काळ्या मातीतलं घर टिकवायचं म्हणजे पायाभोवतीची ओल वर्षभर सारखी ठेवायची.

मजुरीचं ठरवताना माझा कल असा: भिंती आणि गिलावा चौरस फुटाच्या दरानं, सामान आपलं. पायाचं आणि बारीक काम रोजंदारीवर. सगळं एका साध्या कागदावर लिहा, दोघांची सही, झालेल्या कामाचेच पैसे. आमच्या एका नातेवाइकानं ओळखीच्या ठेकेदाराला निम्मी रक्कम आगाऊ दिली आणि जोत्यावर काम आठ महिने पडून राहिलं. स्लॅबच्या मजुरीतले दहा टक्के पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवायचे, हे सुरुवातीलाच बोलून घ्या, म्हणजे नंतर वाईटपणा येत नाही.

पहिल्या पावसाळ्यात भिंतींवर बारीक भेगा दिसतील, बहुतेक गिलाव्याच्या असतात. प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडवी रेघ मारून तारीख लिहा. दिवाळीला आणि पुन्हा आखाजीला बघा. रेघेपुढे सरकली नसेल तर भरून रंग लावा. सरकली असेल, किंवा तिच्यात रुपयाचं नाणं कडेनं शिरत असेल, तर भरू नका. इंजिनिअरला बोलवा आणि तो येईपर्यंत पायाशी कुठून पाणी मुरतंय ते शोधून ठेवा.